बास्केटबॉलमधे फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारा मोकळा शॉट) खालून टाकायला कोणी शिकलंय का? मदत हवी आहे
मुलगी बास्केटबॉल खेळते, पासिंग मस्त आहे पण फ्री थ्रोला उभी राहिली की खांदे आखडतात आणि बॉल रिंगच्या पुढच्या कडेला आपटून परत येतो, म्हणून आता दोन्ही हातांनी खालून टाकायचं बघतोय. अमेरिकन खेळाडू रिक बॅरी असाच टाकायचा, आणि तिथल्याच विल्ट चेंबरलेनने १९६२ मधे एका मॅचमधे १०० पॉइंट्स काढले तेव्हा ३२ पैकी २८ फ्री थ्रो असेच घातले होते, म्हणजे पद्धत खरंच चालते, नियमातही बसते. अडचण अशी की सोडताना तिचा उजवा हात आधी सुटतो आणि बॉल तिरका जातो. पकड नेमकी कशी ठेवायची? आणि टीममधल्या मुली हसतात म्हणून ती मागे हटतेय, खूप वाईट वाटतं, तिला कसं समजावू?