मदत हवी आहे: बॅच फाईल ॲडमिन म्हणून चालवली की झेड ड्राइव्हच सापडत नाही

वहीखाते
नमस्कार मंडळी, जरा लवकर उत्तर द्या, २० तारखेच्या आत सगळ्यांचे थ्री-बी (जीएसटीचं विवरणपत्र) भरायचेत आणि बॅकअप घेतल्याशिवाय मला त्या डेटाला हात लावायचा नाहीये. आमच्या कर सल्लागाराच्या ऑफिसात अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरचा डेटा रोज संध्याकाळी झेडवर कॉपी करणारी एक बॅच फाईल (एकामागून एक कमांड लिहिलेली) आहे, आधीच्या मुलाने लिहून ठेवलेली, तो नोकरी सोडून गेला. नवीन कॉम्प्युटर आल्यापासून ती चालत नाही. डबल क्लिक केलं तर ॲक्सेस डिनाइड. राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर केलं तर काळी खिडकी येते आणि लगेच जाते, कॉपी काहीच होत नाही. झेड ड्राइव्ह व्यवस्थित चालू आहे, त्यातल्या फाईली उघडतायत. 'आयटीवाल्याला बोलवा' असं कृपया सांगू नका, तो फोन उचलत नाहीये म्हणूनच इथे आले.

खटपट्या
ताई, फाईलमध्ये काय लिहिलंय ते इथे टाका. विंडोज कुठलं? आणि खिडकी बंद होऊ नये म्हणून फाईलच्या शेवटी नव्या ओळीत 'पॉज' लिहा, मग नेमका काय मेसेज येतो तो वाचता येईल. त्याशिवाय सगळा अंदाजपंचे कारभार.

उघड्या_खिडक्या
पॉजची गरजच नाही, मी न बघता सांगतो. ॲडमिन म्हणून चालवलं की बॅच फाईल स्वतःच्या फोल्डरमध्ये सुरू होत नाही, सी ड्राइव्हच्या विंडोजमधल्या सिस्टिम३२ मध्ये सुरू होते. तुमच्या फाईलमध्ये नुसतं 'डेटा' असं फोल्डरचं नाव असेल तर ती ते सिस्टिम३२ मध्ये शोधणार. फाईलच्या अगदी वर ही ओळ टाका: सीडी, स्पेस, स्लॅश डी, स्पेस, आणि मग डबल अवतरणात टक्क्याचं चिन्ह, टिल्ड, डी, पी, शून्य. (टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं.) याचा अर्थ 'ही फाईल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे जा'. अवतरणचिन्हं विसरू नका, फोल्डरच्या नावात स्पेस असेल तर त्यावाचून अडेल. दहातल्या नऊ जणांचं काम एवढ्यावर होतं.

वहीखाते
टाकली ती ओळ आणि पॉज पण. विंडोज ११ आहे. आता आधी सर्व्हिस बंद झाल्याचं दिसतं आणि मग 'द सिस्टिम कॅनॉट फाइंड द ड्राइव्ह स्पेसिफाइड'. ड्राइव्ह समोर दिसतोय तरी सापडत नाही म्हणे! फाईलमध्ये तीनच कामं आहेत: नेट स्टॉप करून एक सर्व्हिस (मागे चालू असणारा प्रोग्रॅम) बंद, मग डेटा फोल्डरमधलं सगळं झेडच्या बॅकअप फोल्डरमध्ये कॉपी, मग नेट स्टार्ट.

रामबाण_उपाय
यूएसी, म्हणजे ॲडमिन हक्क देण्याआधी विचारणारी ती सोय, बंद करून टाका. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ती पट्टी एकदम खाली ओढायची, रीस्टार्ट, विषय संपला. विंडोज ७ पासून प्रत्येक मशीनवर मी पहिलं काम हेच करतो, कधी काही झालं नाही.

खटपट्या
रामबाण, दुसऱ्याच्या ऑफिसच्या मशीनवर असले सल्ले देऊ नका. शंभर पक्षकारांच्या पॅन आणि बँकेच्या नोंदी असतील त्या मशीनवर. आणि याने काम होणारही नाही. विंडोज ८ पासून ती पट्टी खाली ओढली तरी यूएसी आतून चालूच राहतं, फक्त विचारायचं बंद होतं. साध्या हक्कांचं आणि ॲडमिन हक्कांचं अशी दोन वेगळी टोकन (ओळखपत्रंच म्हणा) राहतातच, त्यामुळे ड्राइव्हचा घोळ जसाच्या तसा. म्हणजे संरक्षण गेलं आणि हाती काही नाही.

रामबाण_उपाय
माझ्याकडे चालतं एवढं मला माहीत आहे.

घाटमाथा
इथे प्रिंटरचा पण प्रॉब्लेम असेल तर सांगतो, आमच्याकडे रोज प्रिंट अडकायची. नेट स्टॉप स्पूलर, मग सिस्टिम३२ मध्ये स्पूल फोल्डर, त्यात प्रिंटर्स फोल्डर, त्यातल्या सगळ्या फाईली डिलीट, मग नेट स्टार्ट स्पूलर. ही बॅच फाईल पण ॲडमिननेच चालवावी लागते. डेस्कटॉपवर ठेवलीय, बायको पण चालवते आता.

तिसरा_मजला
ताई, झेड हा याच मशीनमधला ड्राइव्ह आहे की नेटवर्कवरचा मॅप केलेला, म्हणजे दुसरीकडच्या फोल्डरला नुसतं अक्षर दिलेला?

वहीखाते
नेटवर्कवरचाच हो, आतल्या खोलीत तो दोन डिस्कवाला नॅसचा (नेटवर्कवरून फाईली ठेवायचा) डबा आहे ना, तो. मॅप केलाय म्हणूनच तर झेड. आणि प्रिंटर ठीक आहे आमचा.

तिसरा_मजला
मग कारण सापडलं, नीट सांगतो. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, ॲडमिन गटातला माणूस लॉगिन झाला की विंडोज त्याला दोन टोकन देतं, एक साध्या हक्कांचं आणि एक पूर्ण हक्कांचं. रोजचं काम साध्यावर चालतं. रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर म्हटलं की तो प्रोग्रॅम दुसऱ्या टोकनवर चालतो, आणि ते टोकन वेगळ्या लॉगऑन सेशनचं असतं. मॅप केलेली अक्षरं सेशनला बांधलेली असतात. तुम्ही झेड जोडलात तो साध्या सेशनमध्ये, ॲडमिनच्या सेशनला झेड नावाचं काही ठाऊकच नाही. ड्राइव्हमध्ये बिघाड काहीच नाही. खात्री करायची असेल तर एक साधी कमांड प्रॉम्प्ट आणि एक ॲडमिनची अशा दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा आणि दोन्हीत नुसतं 'नेट यूज' टाइप करा. एकीत झेड दिसेल, दुसरीत यादी रिकामी.

उपाय: रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठवलेल्या असतात तिथे) एचकेएलएम, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, पॉलिसीज, सिस्टिम इथे 'एनेबललिंक्डकनेक्शन्स' नावाची ३२ बिटी डीवर्ड तयार करा, किंमत १, आणि रीस्टार्ट. मग एका सेशनमधली जोडणी दुसऱ्यालाही दिसते.

उघड्या_खिडक्या
रजिस्ट्री कशाला? झेडच्या जागी पूर्ण पत्ता लिहायचा, दोन उलटे स्लॅश, नॅसचं नाव, एक उलटा स्लॅश, शेअरचं नाव. अक्षराची भानगडच नको. फक्त सीएमडीला असल्या पत्त्यावर 'सीडी' करता येत नाही, तिथे 'पुशडी' वापरायचं, ते स्वतःच एखादं मोकळं अक्षर तात्पुरतं जोडून घेतं आणि 'पॉपडी' केलं की सोडतं.

तिसरा_मजला
पूर्ण पत्ता चांगलाच, पण त्या मशीनवर बाकीच्याही पाच फाईली झेड धरून चालत असतील तर? एकदा रजिस्ट्री केली की सगळ्यांचं भागलं.

उघड्या_खिडक्या
आणि उद्या रॅन्समवेअर (फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) ॲडमिन हक्काने घुसलं की त्यालाही झेड आयताच समोर. आडपडदा आहे तो राहू द्या ना.

तिसरा_मजला
रॅन्समवेअरला अक्षर लागत नाही, ते शेअर शोधून काढतंच. त्यावर उपाय म्हणजे आठवड्याला एकदा बाहेरच्या डिस्कवर कॉपी आणि ती डिस्क काढून कपाटात.

वहीखाते
तुमचं दोघांचं होऊ द्या, मी रजिस्ट्रीचं केलं, रीस्टार्ट केलं, आहे तेच. मग पूर्ण पत्ता लिहून पाहिला तर आता 'ॲक्सेस इज डिनाइड'. ॲडमिन म्हणून चालवतेय तरी! आणि हो, मध्येच कॉपी अडली की सर्व्हिस बंद राहते, मग बाकीच्या टेबलांवरून सॉफ्टवेअर उघडत नाही म्हणून ओरडा.

आडवा_धागा
सगळं वाचलं. एक सांगा, रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर केल्यावर नुसतं येस-नो विचारतं की पासवर्ड मागतं?

वहीखाते
पासवर्ड मागतं. सरांचं नाव येतं, त्यांचा पासवर्ड मला दिलेला आहे, तो टाकते. जुन्या कॉम्प्युटरवर नुसतं येस होतं.

आडवा_धागा
हेच पाहिजे होतं. जुन्या मशीनवर तुमचं खातं ॲडमिन गटात असणार, नव्यावर साधं आहे. म्हणजे तुम्ही सरांचा पासवर्ड टाकता तेव्हा ती फाईल 'वाढीव हक्कांच्या तुम्ही' चालवत नसता, ती सर चालवत असतात. ॲडमिनच्या खिडकीत 'हूॲमआय' टाइप करा, सरांचं नाव येईल. डेस्कटॉप त्यांचा, यूजरप्रोफाइल त्यांची, एचकेसीयू (रजिस्ट्रीतला ज्याच्या त्याच्या खात्याचा भाग) त्यांचं, सगळं. तिसरा_मजला म्हणतात ती रजिस्ट्रीतली नोंद एकाच माणसाच्या दोन सेशनना जोडते, दोन वेगळ्या माणसांना नाही, म्हणून उपयोग झाला नाही. ती नोंद आता काढून टाका. आणि नॅसचा पासवर्ड तुमच्या खात्यात साठवलेला आहे, सरांच्या नाही, म्हणून पूर्ण पत्त्यालाही ॲक्सेस डिनाइड.

रामबाण_उपाय
मग बॅच फाईलमध्येच नेट यूज लिहून नॅसचं नाव-पासवर्ड टाकून द्यायचा. हाकानाका.

खटपट्या
पासवर्ड उघडा लिहिलेली फाईल, तीही सगळ्यांना वाचता येईल अशा फोल्डरमध्ये? नाही हो. आणि पुढचा सल्ला 'रनॲज'ला (दुसऱ्याच्या खात्याने प्रोग्रॅम चालवणारी कमांड) 'सेव्हक्रेड' (पासवर्ड साठवून ठेव) लावा असा येणार, तो पण घेऊ नका ताई. सरांचा पासवर्ड एकदा साठवला की त्या खात्यावरून फक्त ही फाईलच नाही, कुठलाही प्रोग्रॅम सरांच्या नावाने चालवता येतो.

आकडेमोड
मी कधीची वाट बघतेय कोणी विचारेल म्हणून. ती सर्व्हिस कुठली आहे, नाव काय?

वहीखाते
एमएसएसक्यूएल, मग डॉलरचं चिन्ह, मग एसक्यूएलएक्सप्रेस.

आकडेमोड
मग मुळात ॲडमिन हक्क लागतायत कशाला? एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा प्रोग्रॅम आहे तो. डेटाबेसच्या एमडीएफ आणि एलडीएफ फाईली सर्व्हिस चालू असताना लॉक असतात, म्हणून त्या मुलाने सर्व्हिस थांबवून कॉपी करायचा मार्ग काढला, आणि सर्व्हिस थांबवायची म्हणून ॲडमिन आला. सर्व्हिस न थांबवता बॅकअप घ्यायची सोय एसक्यूएलमध्येच आहे. एसक्यूएलसीएमडी या त्याच्या कमांडने 'बॅकअप डेटाबेस, अमुक, टू डिस्क, अमुक फाईल' एवढी ओळ. लोक काम करत असले तरी चालतो. यासाठी विंडोजचा ॲडमिन लागत नाही, एसक्यूएलच्या आतली परवानगी लागते. सरांच्या खात्यातून तुमच्या लॉगिनला त्या डेटाबेसवर 'डीबी बॅकअपऑपरेटर' ही भूमिका एकदा देऊन घ्या. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यालाही एक फोन करा, त्यांचा स्वतःचा बॅकअपचा पर्याय असेल तर तोच आधी.

एका ठिकाणी सगळे अडकतात ते आधीच सांगते. बॅकअपची फाईल तुम्ही लिहीत नाही, सर्व्हिसचं खातं लिहितं. तुमच्या डेस्कटॉपचा पत्ता दिलात तर 'ऑपरेटिंग सिस्टिम एरर ५, ॲक्सेस इज डिनाइड' येणार, झेडचा दिलात तर त्या खात्याला झेड दिसतच नाही म्हणून 'एरर ३, द सिस्टिम कॅनॉट फाइंड द पाथ स्पेसिफाइड', आणि तुम्ही परत ॲडमिनच्या मागे लागणार. डी ड्राइव्हवर एक फोल्डर करा, त्याच्या सिक्युरिटी टॅबमध्ये 'एनटी सर्व्हिस, उलटा स्लॅश, आणि सर्व्हिसचं नाव' या खात्याला मॉडिफाय हक्क द्या. तिथे बॅकअप. मग दुसऱ्या ओळीत रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपीच्या कमांडने ती फाईल झेडवर, तुमच्याच साध्या खात्यातून, जिथे झेड दिसतोच. आणि बॅकअपच्या ओळीत शेवटी 'विथ इनिट' लिहा, नाहीतर त्याच फाईलमध्ये रोजचा बॅकअप मागे मागे जोडला जातो आणि ती फुगत राहते.

तिसरा_मजला
हे बरोबर आहे. पण लिंक्डकनेक्शन्स पण चुकीचं नव्हतं, एकाच खात्याच्या बाबतीत चालतं ते.

घाटमाथा
विंडोज १० वर पण हे चालेल का? आमच्याकडे अजून १० च आहे.

खटपट्या
चालेल. पण १० चा साधा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हिशेबाचं मशीन असेल तर बदलायचं बघा.

वहीखाते
झालं! सरांना बसवून परवानगी देऊन घेतली. आधी एरर ५ आला, मग फोल्डरला हक्क दिले आणि बॅकअप आला. डबल क्लिकवर चालतंय, पासवर्ड नाही, कोणाचं काम थांबत नाही. आता हे रोज संध्याकाळी आपोआप व्हावं म्हणून टास्क शेड्युलरमध्ये टाकलं तर 'लास्ट रन रिझल्ट' मध्ये ०एक्स१ दाखवतंय, पण फाईल तर झेडवर पोचलीय. हे काय?

आकडेमोड
रोबोकॉपीची पद्धत आहे ती. ० म्हणजे कॉपी करण्यासारखं काही नव्हतं, १ म्हणजे फाईली कॉपी झाल्या. ८ किंवा त्याच्या वर आलं तरच बिघाड समजायचा. शेड्युलर मात्र शून्य नसलं की तसं दाखवतो.

टास्कमध्ये 'रन ओन्ली व्हेन यूजर इज लॉग्ड ऑन' ठेवा म्हणजे झेड दिसेल, आणि 'हायेस्ट प्रिव्हिलेजेस' ची खूण लावू नका, आता गरज नाही. 'स्टार्ट इन' मध्ये पत्ता लिहिलात तर तिथे अवतरणचिन्हं नकोत, स्पेस असली तरी नकोत, तिथे ती चालत नाहीत. आणि आज थ्री-बीला बसायच्या आधी हा बॅकअप दुसऱ्या नावाने रिस्टोअर करून बघा, 'रिस्टोअर व्हेरिफायओन्ली' वर थांबू नका, ते फक्त फाईल वाचता येतेय एवढंच सांगतं. डेटाबेस उघडून मागच्या महिन्याची विक्री जुळते का बघा, मग कामाला लागा. दुसरं नाव देताना 'विथ मूव्ह' ने एमडीएफ आणि एलडीएफचे पत्तेही नवे द्या, नाहीतर ते चालू डेटाबेसच्याच फाईलींवर लिहायला जाईल आणि अडेल.

वहीखाते
विथ मूव्ह मध्ये लॉजिकल नेम मागतंय, ते कुठे मिळेल?

आकडेमोड
'रिस्टोअर फाईललिस्टओन्ली, फ्रॉम डिस्क, आणि फाईलचा पत्ता'. पहिल्याच रकान्यात दोन्ही नावं दिसतील, जशीच्या तशी उचला.