टेक्सासमधल्या रॉबर माश्या: जीनसपर्यंत कसं पोचायचं?

ऑस्टिनकर

नमस्कार मंडळी. आम्ही ऑस्टिनच्या उत्तरेला राहतो. कुंपणापलीकडे मोकळं माळरान आहे आणि जून लागला की तिथे रॉबर माश्यांची, म्हणजे दुसरे कीटक पकडून शोषणाऱ्या शिकारी माश्यांची, नुसती धामधूम असते. या आठवड्यात तीन वेगवेगळ्या मिळाल्या. पहिली तारेला पुढच्या एका पायाने लोंबकळत होती, बाकीच्या पायांत मधमाशी धरून ती शोषत होती. दुसरी राखाडी, वाटेवरच्या खडीवर बसलेली, पोटाचं टोक पांढरंशुभ्र. तिसरी काळी-पिवळी, केसाळ, लांबून थेट बम्बलबी, म्हणजे ती केसाळ, गुबगुबीत मधमाशी. फोटोवरून नाव सांगणारं ॲप तिघींनाही 'ॲसिलिडी', म्हणजे नुसतं कुळाचं नाव, म्हणतं आणि तिथेच थांबतं. मला निदान जीनस, म्हणजे कुळाच्या खालचा गट, हवं आहे. मॅक्रो लेन्स आहे, पण माशी मारायची नाही. नेमकं कुठे बघू?

पंखशीर

मॅक्रो लेन्स आहे ना, मग अर्धं काम झालं. मी कॅन्ससमध्ये असतो आणि या माश्या माझ्या फार जिव्हाळ्याच्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेक्सिकोच्या उत्तरेला या कुळाच्या हजाराच्या आसपास स्पीशीज, म्हणजे जाती, आहेत. इतक्या गर्दीत रंग बघून नाव द्यायला गेलं की हमखास घोळ होतो. रंग बाजूला ठेवा. मिशीचं (डोक्यावरच्या स्पर्शिकेचं) टोक, पंखातल्या शिरा आणि पोटाचं शेपटाकडचं टोक, या तीन जागा पुरतात. कूळ बरोबर आहे ना, एवढं आधी बघून घ्या: समोरून पाहिलं की दोन डोळ्यांच्या मधे डोक्याचा माथा खोलगट दिसतो आणि तोंडावर राठ केसांचा झुपका असतो. त्याला मिस्टॅक्स म्हणतात. धडपडणाऱ्या सावजाच्या नख्यांपासून चेहरा वाचतो तो त्याच्यामुळे.

तुमची लोंबकळणारी बहुतेक डायोगमायटिस. पण नुसती लोंबकळते म्हणून शिक्का मारू नका, लेप्टोगॅस्टरसारख्या काडीइतक्या बारीक माश्याही लोंबकळतात. पुढच्या पायाच्या नडगीचं खालचं टोक मोठं करून बघा. तिथे नखासारखा एक वाकडा काटा दिसला, अंग लांबोडकं आणि तपकिरी-पिवळसर असलं, तर डायोगमायटिसच धरून चाला. सॅरोपोगॉनलाही तो काटा असतो, म्हणून फोटोत अख्खी माशी बाजूने यायला हवी.

राखाडी, पांढऱ्या टोकाची म्हटल्यावर माझा पहिला अंदाज एफेरियाचा नर. नराच्या पोटाचं टोक फुगीर, गाठीसारखं असतं आणि त्याच्या आधीचे खंड चंदेरी-पांढरे. मादीचं उलट: टोकाला लांब, दोन्ही बाजूंनी चपटं, सुरीच्या पात्यासारखं अंडी घालायचं अवयव. खात्री मात्र पंखावरूनच करा. पंखाच्या टोकाकडे एका शिरेला फाटा फुटतो. त्या फाट्याच्या वरच्या शाखेतून एक छोटी आडवी शीर निघून पुढच्या लांब शिरेला मिळत असेल, तर तिथे दोनाऐवजी तीन कप्पे होतात. तीन म्हणजे एफेरिया किंवा प्रोमॅकस, दोन म्हणजे मॅकिमस, प्रॉक्टाकँथस वगैरे. प्रोमॅकस आकाराने चांगलीच दांडगी आणि तिच्या मादीला ते पातं नसतं. प्रॉक्टाकँथसच्या मादीच्या शेपटाशी काट्यांचं कडं असतं, ते एकदा पाहिलं की विसरत नाही.

एक अडचण सांगून ठेवतो. बसलेली असताना दोन्ही पंख पाठीवर एकावर एक येतात आणि शिरांची गुंतवळ होते. उजेड मागून घ्या आणि फोकस फक्त वरच्या पंखावर ठेवा. माशी झेप घेऊन पुष्कळदा त्याच जागी परतते, तेव्हा तिच्या मागे धावू नका, जागेवर फोकस लावून थांबा.

माळरान

मी सोलापूरकडचा. प्रोमॅकस आणि ओमॅटियस आमच्याकडेही आहेत. ओमॅटियसच्या मिशीच्या टोकाच्या बारीक काडीवर केसांची रांग असते, पिसासारखी. ती तिकडेही अशीच दिसते का?

पंखशीर

हो, अगदी तशीच. टेक्सासमध्येही ओमॅटियस आहे आणि ते पीस दिसलं की दुसरं काही शोधावं लागत नाही. म्हणूनच मी मिशीला इतकं महत्त्व देतो. ऑस्टिनकर, तुमच्या तिसरीचा निकालही मिशीच लावेल. बम्बलबीचं सोंग घेणाऱ्या मुख्यतः लॅफ्रिया आणि मॅलोफोरा. लॅफ्रियाच्या मिशीचा शेवटचा भाग जाडसर, पुढे केस नाही. मॅलोफोराच्या टोकाला बारीक लांब केस. जागाही बघा: लॅफ्रियाच्या अळ्या कुजक्या लाकडात वाढतात, त्यामुळे ती झाडीत, ओंडक्यांवर जास्त. उघड्या माळावर मॅलोफोराची शक्यता मोठी.

ऑस्टिनकर

आत्ताच फोटो मोठे करून बघितले. तिसरीच्या मिशीला केस आहे, स्पष्ट! तारेवरचीच्या नडगीला काटाही सापडला. राखाडीचे पंख मात्र एकमेकांवर आलेत, कप्पे मोजता येत नाहीत. शेपूट फुगीर आहे, पातं नाही.

पंखशीर

वा, दोन तर सुटल्या. फुगीर शेपूट म्हणजे नर एफेरिया जवळपास नक्की, तरी पंखाचा फोटो मिळेपर्यंत नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवा. आणि एक: पूर्वी एफेरियात धरलेल्या काही माश्या आता ट्रायोर्ला, नेरॅक्स अशा वेगळ्या जीनसमध्ये टाकतात. सगळे अभ्यासक ते मानत नाहीत, त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणी एकाच माशीला वेगळं नाव दिसलं तर गोंधळू नका. स्वतः 'की' (लक्षणं एकेक करून ताडत नावापर्यंत नेणारा तक्ता) चालवून बघायची असेल तर 1981 च्या 'मॅन्युअल ऑफ निअर्क्टिक डिप्टेरा'च्या पहिल्या खंडात वूड यांचं ॲसिलिडीवरचं प्रकरण आहे. त्यातल्या पंखांच्या आकृत्या शेजारी ठेवून कप्पे मोजा. पंखाचा फोटो आला की इथेच टाका, मी बघतो.