विंडोज ओरिजनल असूनही लायसन्सची वॉर्निंग येते, फॉरमॅट मारायचा का?

जांबोटी_घाट
घरचा असेंबल्ड डेस्कटॉप आहे. रिटेल बॉक्सचं विंडोज १० प्रो होतं, त्यावरूनच ११ वर अपग्रेड केलंय. मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं आहे. आमच्याकडं पावसात वीज कडाडायला लागली की प्लग काढून ठेवतो, कधी कधी मशीन चार-पाच दिवस बंदच असतं. आता दोन प्रकार दिसतात.

पहिला, उजव्या खालच्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' अशी पुसट अक्षरं. सेटिंगमध्ये कोड दाखवतो ०एक्स८००७२एफ८एफ.

दुसरा, त्याच कोपऱ्यात सारखी लाल खुणेची चौकट येते: अँटिव्हायरसचं लायसन्स संपलं, आजच रिन्यू करा. त्या नावाचा अँटिव्हायरस मशीनमध्ये कधी टाकलेलाच नाही.

बेळगावात एका दुकानात दाखवलं तर विंडोजची प्रॉडक्ट की (लायसन्सचा कोड) ब्लॉक झाली, फॉरमॅट मारून नवी घाला म्हणाले. खरंच तसं असेल का?

टिळकवाडी_रिपेअर
फॉरमॅट मारू नका आणि कीसाठी एक पैसाही देऊ नका. की ब्लॉक झाली असती तर कोड वेगळा आला असता, शेवटी सी००४सी००३ असलेला. तुमचा कोड सांगतो की तारीख-वेळ जुळत नाही, म्हणून सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही. सर्व्हरच्या प्रमाणपत्राला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. तुमचं घड्याळ काही वर्षं मागं गेलं असेल, तर मशीनच्या हिशेबानं ते प्रमाणपत्र अजून निघालेलंच नाही. मग ते नाकारलं जातं आणि ॲक्टिव्हेशन अडतं. क्रोममध्ये बऱ्याच साइटवर 'कनेक्शन प्रायव्हेट नाही' असंही येत असेल, बघा.

घड्याळ मागं का जातं, ते तुमच्या प्रश्नातच आहे. प्लग लावलेला असतो तोवर मदरबोर्डवरचं घड्याळ एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या) स्टँडबाय करंटवर चालतं. प्लग काढला की सगळा भार त्या नाण्याएवढ्या सेलवर येतो. दर पावसाळ्यात असं झालं तर सेल लवकर बसणारच.

आधी हे तपासा. प्लग काढून तासभर थांबा, परत लावा आणि चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जा. तिथं तारीख जुनी दिसली तर सेल गेला. मल्टिमीटर असेल तर सेल काढून मोजा. नवा ३ व्होल्टच्या थोडा वरच दाखवतो, २.७ च्या खाली आला तर बदला.

सेल सीआर२०३२ हाच घ्या, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. पुष्कळदा २०२५ हातात ठेवतात. व्यास तोच, २० मिलिमीटर, पण जाडी ३.२ च्या जागी २.५. तो खोबणीत सैल बसतो आणि मशीन जरा हललं की घड्याळ पुन्हा शून्यावर.

सेल काढण्याआधी दोन कामं नक्की करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, कारण बायोस रीसेट झालं की ती मागितली जाऊ शकते. आणि बायोसमधल्या साटा मोडचा (डिस्क कशी जोडायची ते), बूट मोडचा (विंडोज कसं सुरू करायचं ते) मोबाइलवर फोटो काढा. हे मूळ जागेवर आले नाहीत तर विंडोज उघडणार नाही, आणि मग डिस्कच गेली असं वाटून लोक घाबरतात.

नंतर प्लग काढा, पॉवर बटण १० सेकंद दाबून धरा, खोबणीच्या कडेची क्लिप नखानं मागं ढकला. सेल आपोआप वर येतो. नवा बसवताना अधिक खूण वर.

विंडोजमध्ये आल्यावर तारीख हातानं नीट करा. फरक १५ तासांपेक्षा जास्त असेल तर विंडोजची वेळसेवा साधारणपणे तो स्वतः भरून काढत नाही, म्हणून नुसतं 'सिंक नाऊ' दाबत बसू नका. टाइम झोन कोलकाता, +५:३०. मग सेटिंग, सिस्टम, ॲक्टिव्हेशन इथं ट्रबलशूट चालवा.

खात्री मशीनलाच विचारून करा. शोधपट्टीत इंग्रजीत सीएमडी टाइप करून ॲडमिन म्हणून उघडा. एस एल एम जी आर लिहा, एक स्पेस, मग तिरकी रेघ (/) आणि तिला चिकटून एक्स पी आर. एंटर मारल्यावर छोटी खिडकी येते. तीत 'पर्मनंटली ॲक्टिव्हेटेड' आलं की विषय मिटला.

शहापूर_पेठ
दुसऱ्या चौकटीचं मी सांगतो. ती विंडोजचीही नाही आणि अँटिव्हायरसचीही नाही. नीट बघा, चौकटीवर कुठंतरी बारीक अक्षरात ब्राउझरचं नाव आणि एखाद्या अनोळखी साइटचा पत्ता असतो. घरात कुणीतरी पिक्चर किंवा क्रिकेट बघताना 'अलाऊ' दाबलेलं असतं, तिथून हे येतं. क्रोममध्ये सेटिंग, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग, नोटिफिकेशन. परवानगी दिलेल्या यादीतल्या अनोळखी साइट काढून टाका. एज वापरत असाल तर तिथंही बघा, दोन्हींची यादी वेगळी असते.

पूर्ण स्क्रीनभर पान उघडलं, भोंगा वाजायला लागला आणि फोन नंबर दिसला तर तो नंबर अजिबात लावू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. एस्केप दाबून धरा, नाही हललं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप करून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. कुणी पैसे भरले असतील तर लगेच १९३० वर कळवा, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

जांबोटी_घाट
सेल २.४ व्होल्ट निघाला आणि बायोसमध्ये २०१९ साल होतं. नवा घातला, तारीख लावली, पुसट अक्षरं गेली. खिडकीत 'पर्मनंटली' आलं. क्रोमच्या यादीत तीन साइट होत्या, काढल्या.

निपाणी_नाका
याच धाग्यात विचारतो. लॅपटॉपवर तीच कमांड दिली तर 'पर्मनंटली' नाही, पुढची एक तारीख येते. वर मुलीला मेनू कन्नडात हवाय, तर 'तुमचं लायसन्स एकाच डिस्प्ले भाषेला चालतं' म्हणतं. हेसुद्धा खोटंच का?

टिळकवाडी_रिपेअर
नाही हो, ही दोन्ही खरी आहेत, पण मशीन दोन वेगळी असणार. एकाच लॅपटॉपवर ती दोन्ही सहसा यायची नाहीत. भाषेचा मेसेज होम सिंगल लँग्वेजचा. त्यात काही बिघडलेलं नाही, कन्नड आणि मराठी कीबोर्ड दोन्ही टाकता येतात, फक्त मेनूची भाषा एकच राहते.

तारीख येते त्या मशीनवर एक्स पी आर च्या जागी डी एल आय लिहून बघा. 'व्हॉल्यूम केएमएस क्लायंट' आलं, तर ते कंपन्या-कॉलेजांसाठीचं लायसन्स आहे. ते संस्थेच्या सर्व्हरवर टिकतं आणि तो भेटला नाही की १८० दिवसांत संपतं. घरच्या मशीनवर ते असेल तर कुणीतरी फॉरमॅट करताना घातलंय. लॅपटॉप विंडोजसकट घेतला असेल तर मूळ की बायोसमध्येच आहे. डेटा पेन ड्राइव्हवर काढा, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून इन्स्टॉलर उतरवा आणि कोरी स्थापना करा. तो स्वतः मूळ एडिशन ओळखतो, की टाइप करावी लागत नाही. बूट झाल्यावर इंटरनेट जोडा आणि पुन्हा एक्स पी आर बघून इथं कळवा.