ग्रेनाडा १९७९–८३ : क्रांती आतून कोसळली की बाहेरून पाडली?

अभ्यासिका_दर्यापूर
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेची पोरं दर रविवारी एक विषय मांडतात. या रविवारी ग्रेनाडा आहे. क्युबाबद्दल मराठीत भरपूर मिळतं, पण ग्रेनाडाचं नाव काढलं की "मार्क्सवादी सरकार आलं, १९८३ मध्ये अमेरिकेने हल्ला केला" एवढ्यावर सगळे थांबतात. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ३४४ चौरस किलोमीटरचं, आपल्या बहुतेक तालुक्यांहून लहान, लाखभर वस्तीचं कॅरिबियन बेट. त्याची अमेरिकेला एवढी धास्ती काहून वाटावी? क्युबाच्या मदतीने तिथे बांधला जात होता तो विमानतळ खरंच लष्करी होता का? आणि क्रांतीचे नेते, पंतप्रधान मॉरिस बिशप यांना त्यांच्याच पक्षाच्या लोकांनी मारलं हे खरं का?

धानपट्टा
भाऊ, तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करा, म्हणजे बाकीचे दोन आपोआप जागेवर बसतात. हो, खरं आहे.

बिशप यांच्या न्यू ज्यूएल मूव्हमेंट या पक्षाने १३ मार्च १९७९ च्या पहाटे ट्रू ब्लूच्या लष्करी छावणीवर हल्ला केला, मग रेडिओ स्टेशन ताब्यात घेतलं. पंतप्रधान एरिक गैरी तेव्हा अमेरिकेत होते. लोकांनी सत्तांतराचं स्वागतच केलं, कारण गैरींच्या 'मंगूस गँग' या गुंडटोळीची मारझोड सगळ्यांनी सोसली होती. पण नव्या सरकारने राज्यघटना स्थगित केली, निवडणुकीचं आश्वासन दिलं आणि साडेचार वर्षं निवडणूक घेतलीच नाही. 'टॉर्चलाइट' हे वर्तमानपत्र त्याच वर्षी बंद केलं. खरी सत्ता पक्षाच्या केंद्रीय समितीकडे, आणि पक्षाचे पूर्ण सदस्य शंभराच्याही आत. सभेला हजारो लोक येत, मताचा अधिकार मात्र त्यातल्या मूठभरांना. दुखणं इथेच होतं.

सप्टेंबर १९८३ मध्ये समितीने 'संयुक्त नेतृत्वा'चा ठराव केला. जनतेतलं काम मॉरिस बिशप यांनी पाहायचं, पक्षसंघटना आणि धोरण उपपंतप्रधान बर्नार्ड कोर्ड यांनी. बिशप यांनी आधी मान्य केलं, मग हंगेरी-चेकोस्लोव्हाकियाचा दौरा करून क्युबामार्गे ८ ऑक्टोबरला परतल्यावर विषय पुन्हा उघडला. लगेच कोर्ड आपल्याला मारायला निघालेत अशी अफवा उठली आणि ती पसरवल्याचा ठपका बिशप यांच्यावरच ठेवून त्यांना घरात कैद केलं. १९ ऑक्टोबरला हजारोंच्या जमावाने त्यांना सोडवलं. तिथून ते लोकांसह राजधानीतल्या फोर्ट रूपर्ट किल्ल्यावर गेले. त्या किल्ल्याला बिशप यांच्या वडिलांचंच नाव दिलेलं होतं; गैरींच्या राजवटीत, जानेवारी १९७४ मध्ये ते मारले गेले होते. लष्कराच्या चिलखती गाड्या आल्या, जमावावर गोळीबार झाला आणि बिशप, शिक्षणमंत्री जॅकलीन क्रेफ्ट, परराष्ट्रमंत्री युनिसन व्हाइटमन वगैरेंना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. नंतर जनरल हडसन ऑस्टिन यांच्या लष्करी मंडळाने संचारबंदी लावली, दिसेल त्याला गोळी घालण्याच्या हुकमासह.

म्हणून पोरांना ठामपणे सांगा: अमेरिकन सैन्य उतरलं तेव्हा क्रांती मरून सहा दिवस झाले होते. खुद्द क्युबाने या हत्यांचा जाहीर निषेध केला आणि नव्या मंडळाला जादा सैन्य द्यायला नकार दिला.

वर्धाकाठ
धानपट्टा भाऊंशी बव्हंशी सहमत. विमानतळाचं मी सांगतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

जुना पर्ल्स विमानतळ ईशान्य किनाऱ्यावर. धावपट्टी आखूड, शेजारी डोंगर, रात्री विमान उतरवायची सोय नाही. युरोपातून येणाऱ्या पर्यटकाला बार्बाडोसला विमान बदलावं लागे. मोठ्या विमानतळाची मागणी त्यामुळे क्रांतीच्या कितीतरी आधीची, इंग्रजांच्या काळातली. नैऋत्य टोकावर पॉइंट सेलाइन्सला धावपट्टी धरली ९,००० फूट, म्हणजे सुमारे २,७४३ मीटर. आपल्या नागपूरची ३,२०० मीटर आहे. तेव्हा केवळ लांबीवरून 'लष्करी' ठरवणं चूक. मजूर आणि यंत्रं क्युबाची, पण दळणवळण यंत्रणेचं काम प्लेसी या ब्रिटिश कंपनीकडे, आणि खाडी भरण्याच्या कामात एक अमेरिकन कंपनीही होती. विमानांसाठी बॉम्बरोधक निवारे नाहीत, जमिनीखाली इंधनाच्या टाक्या नाहीत, विमानविरोधी तोफांची पक्की ठाणी नाहीत. लष्करी तळाला लागतं ते तिथे नव्हतं, असं प्लेसीने स्पष्ट सांगितलं होतं.

दुसरी बाजूही मांडा, नाहीतर श्रोते तुम्हाला घेरतील. अमेरिकेच्या हाती पडलेल्या कागदपत्रांत पक्षाच्या एका ज्येष्ठ पदाधिकाऱ्याची वही आहे. क्युबन आणि सोव्हिएत लष्कर हा विमानतळ वापरेल अशी नोंद तिच्यात आहे. १९८० ते ८२ मधले सोव्हिएत शस्त्रकरारही सापडले. माझं मत असं, की विमानतळ पर्यटनासाठीच बांधला जात होता, गरज पडल्यास मित्रांना वापरू द्यायची तयारी होती, आणि अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी २३ मार्च १९८३ च्या भाषणात हवाई फोटो दाखवून त्या शक्यतेला पक्का पुरावा बनवलं.

धास्तीचं कारण बेटाच्या आकारात शोधू नका, वर्ष बघा. १९७९ मध्येच इराण आणि निकाराग्वात क्रांती झाली आणि डिसेंबरात सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरलं. जानेवारी १९८० मध्ये अफगाणिस्तानवरच्या ठरावात ग्रेनाडाने संयुक्त राष्ट्रांत सोव्हिएत बाजूने मत दिलं. त्या मताची गरज नव्हती आणि ते फार महागात पडलं.

संत्राबाग_वरुड
जायफळ सोडून ग्रेनाडा समजत नाही, राजेहो. त्या काळी इंडोनेशियाच्या खालोखाल जगात यांचंच जायफळ होतं. झाड लावल्यावर फळ यायला सहा-सात वर्षं जातात, म्हणून १९५५ च्या जॅनेट वादळाने बागा झोपवल्या तेव्हा शेतकरी कैक वर्षं उठला नाही. माल सहकारी संघाच्या केंद्रावर घालायचा, आधी उचल, वर्षाअखेर उरलेल्यातून बोनस. आपल्याकडच्या कापूस एकाधिकार योजनेत ज्यांनी माल घातला त्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही. गैरींनी या संघाचं निवडून आलेलं मंडळ हटवून आपली माणसं बसवली, म्हणून खेड्यापाड्यातला राग साचला होता. क्रांतीनंतर प्रौढ साक्षरता वर्ग, दुधाचं वाटप, बाळंतपणाची पगारी रजा, माध्यमिक शाळांची फीमाफी अशी कामं खरोखर झाली. ती सांगितल्याशिवाय १९ ऑक्टोबरला एवढी माणसं रस्त्यावर का आली हे कळणार नाही.

अभ्यासिका_दर्यापूर
फार मोलाची माहिती. हल्ल्याचं आणि कायद्याचं थोडक्यात कोणी सांगेल का? आमच्याकडे एकच फळा आहे आणि वेळ चाळीस मिनिटं.

वर्धाकाठ
तारखा एकाखाली एक लिहा: १९ ऑक्टोबर हत्या, २३ ला लेबनॉनच्या बैरूतमध्ये स्फोट होऊन २४१ अमेरिकन सैनिक ठार, २५ ला ग्रेनाडावर हल्ला. बैरूतमुळेच हल्ला झाला असं मात्र लिहू नका. तयारी त्याआधी सुरू झाली होती.

अमेरिकेने तीन कारणं दिली: वैद्यकीय महाविद्यालयातल्या सुमारे ६०० अमेरिकन विद्यार्थ्यांची सुरक्षितता, पूर्व कॅरिबियन राष्ट्रांच्या संघटनेची विनंती, आणि ब्रिटिश राणीचे तिथले प्रतिनिधी, गव्हर्नर-जनरल पॉल स्कून यांचं बोलावणं. तिसरं सगळ्यात कमजोर, कारण स्कून यांची लेखी सही हल्ला सुरू झाल्यानंतरची. सुरक्षा परिषदेतला निषेधाचा ठराव अमेरिकेने नकाराधिकाराने अडवला. २ नोव्हेंबरला आमसभेत तो १०८ विरुद्ध ९ मतांनी मंजूर झाला. त्याच महिन्यात दिल्लीत राष्ट्रकुल परिषद भरली, तिथेही हा विषय तापला.

मोहिमेत चुका भरपूर. नकाशे म्हणून पर्यटकांचे नकाशे वापरले, विद्यार्थ्यांची दुसरी वसाहत ग्रँड आन्सला आहे हे उतरल्यावर कळलं, लष्कर आणि नौदलाचे रेडिओ एकमेकांशी जुळेनात. मनोरुग्णालयावर बॉम्ब पडून किमान १८ रुग्ण गेले. पॉइंट सेलाइन्सची धावपट्टी वाहनांनी अडवलेली होती, म्हणून अमेरिकन लष्कराच्या रेंजर्स तुकडीने अवघ्या ५०० फुटांवरून पॅराशूटने उड्या घेतल्या आणि क्युबन कामगारांचेच बुलडोझर चालू करून ती मोकळी केली. अमेरिकेचे १९ सैनिक, ४५ ग्रेनाडावासी आणि दोन डझन क्युबन मेले.

धानपट्टा
फळ्यावर बेट काढताना तीनच जागा दाखवा: नैऋत्येला पॉइंट सेलाइन्स, ईशान्येला पर्ल्स, पश्चिम किनाऱ्यावर राजधानी सेंट जॉर्जेस आणि तिथलाच किल्ला. चाळीसपैकी वीस मिनिटं पक्षातल्या भांडणाला द्या. कोर्ड आणि साथीदारांचं काय झालं असं कोणी विचारलंच तर: १९८६ मध्ये फाशीची शिक्षा, १९९१ मध्ये ती जन्मठेपेत बदलली, शेवटचे कैदी २००९ मध्ये सुटले.