चर्चच्या आवारातील अभ्यासवर्गात मुले वाढली. आता वर्ग वाढवावा का?

प्रश्न (नंदुरबार)

सर्वांना नमस्कार. आमच्या मंडळीने तीन वर्षांपूर्वी चर्चच्या व्हरांड्यात सायंकाळी साडेपाच ते सात असा मोफत अभ्यासवर्ग सुरू केला, तेव्हा गल्लीतील ९ मुले येत असत. आज पटावर ५४ नावे आहेत आणि त्यांतील बहुतेक घरे मंडळीतील नाहीत. पुष्कळ मुलांच्या आया मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जातात आणि दिवेलागणीनंतर परततात, तेव्हा हातांची इतकी आग होत असते की लेकराच्या तोंडावरून हात फिरवायचीही त्यांना भीती वाटते. शिकवणारे आम्ही चौघेच आहोत. मंडळी पत्र्याची शेड बांधून द्यायला तयार आहे आणि शेजारच्या वस्तीतूनही विचारणा होत आहे. परंतु मागच्या आठवड्यात पाचवीतील एक मुलगा दीड तास एकच पान उघडून गप्प बसला होता आणि तो घरी जाईपर्यंत आमच्यापैकी कोणाच्याही ते ध्यानात आले नाही. अशा स्थितीत वर्ग वाढवावा का?

उत्तर (धुळे)

ताई, शेडचा विचार मागाहून करा, आधी इयत्तेप्रमाणे बसवणे बंद करा. ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत २००५ पासून वापरली जाणारी अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी वाचनचाचणी एकेका मुलाला जवळ बसवून घ्या. त्याला काही मिनिटेच लागतात. आमच्याकडे सहावीतील तीन मुले अक्षरगटात निघाली, तेव्हा आम्हाला फार वाईट वाटले, पण कोणाला काय शिकवायचे हे त्याच दिवशी कळले. आणखी एक सांगतो. घरी अहिराणी बोलणारे मूल ‘माझा भाऊ’ऐवजी ‘मना भाऊ’ लिहिते, तेव्हा त्यावर लाल रेघ ओढू नका; दोन्ही वाक्ये शेजारी लिहून त्याच्याकडून वाचून घ्या.

उत्तर (नवापूर)

वरील सूचनेशी सहमत आहे. आमच्या भागातील कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात, त्यामुळे पटावरील आकड्यावरून मी वर्गाची वाढ कधीच मोजत नाही. एका मोठ्यापाशी दहा-बारा मुले, एवढे प्रमाण धरा आणि शिकवणारा मिळाल्यावरच पुढची दहा नावे घ्या. बारावी झालेल्या मुली हे काम उत्तम करतात; त्यांना येण्याजाण्याचा खर्च मंडळीने जरूर द्यावा. शेजारच्या वस्तीतील मुलांना अंधारात चालवत आणण्यापेक्षा तिथेच कोणाच्या तरी ओट्यावर दुसरा वर्ग भरवावा. कोणताही मोठा माणूस मुलासोबत बंद खोलीत एकटा राहणार नाही, हा नियम मात्र पहिल्या दिवसापासून लेखी असू द्या.

उत्तर (नंदुरबार, पालक)

आम्ही ख्रिस्ती नाही. मुलीला अशाच एका वर्गात पाठवताना सासूबाईंचा विरोध होता. तेथील ताईंनी त्यांना बोलावून तासभर मागे बसू दिले, अभ्यासाच्या वेळेत प्रार्थना होत नाही हे त्यांनी स्वतः पाहिले, आणि त्यानंतर मुलीला पोहोचवायला त्याच जाऊ लागल्या. नवी मुले घेताना त्यांच्या घरच्यांना आधी असे बोलवावे, ही विनंती.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची मनापासून आभारी आहे. शेडसाठी जमलेले पैसे दोन मुलींच्या मानधनासाठी वापरावेत, असे मी रविवारी मंडळीपुढे मांडणार आहे. वाचनचाचणी सोमवारपासून घेऊ, आणि पाचवीतील त्या मुलाला सर्वांत आधी माझ्याजवळ बसवीन.