डोळे खाजतात एवढ्यासाठी एचआयव्ही सांगायचा का?

माणदेशी: अकरा वर्षं एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांवर आहे. दर उन्हाळ्यात डोळे खाजतात, सकाळी पापणीखाली दोऱ्यासारखा पांढरा चिकट स्राव सापडतो. अ‍ॅलर्जी, दुसरं काही नाही. यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांना आजार सांगितला. हातातला टॉर्च खाली ठेवून ते "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणाले. शेवटी मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणले, दोन दिवसांत डोळे निवळले. सहा आठवडे घालतोय. अश्रूंतून लागण होत नाही, मग सांगायचं कशाला?

नेत्रसेविका: तुमच्याशी ते वागले ते चूकच. पण सहा आठवडे वाचून माझ्या पोटात गोळा आला. स्टेरॉइडच्या थेंबांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो आणि तो सहसा दुखत नाही. कळतं तेव्हा काचबिंदूने नजर कडेने गेलेली असते, ती परत येत नाही. त्यात तुमच्या गोळ्यांत रिटोनाविर असेल, तर स्टेरॉइडचा निचरा करणारं यकृतातलं एन्झाइम ते दाबून धरतं. थेंबांतलं थोडंच रक्तात उतरतं, पण तेही साठत जातं. हे न सांगता डॉक्टरांना कसं कळणार? शिवाय लाल डोळा म्हणजे दरवेळी अ‍ॅलर्जी नसते. डोळ्यात नागीण किंवा हर्पिस असेल आणि वर स्टेरॉइड पडलं, तर बुबुळावर जखम चिघळते.

कासेगावकर: ताई, शहरात हे ठीक आहे. आमच्या तालुक्यात डोळ्यांचा एकच दवाखाना, कंपाउंडर गल्लीतला. संध्याकाळपर्यंत घरी बोभाटा. २०१७ च्या कायद्याप्रमाणे एचआयव्हीमुळे उपचार नाकारता येत नाहीत, आजार सांगायची सक्तीही करता येत नाही. मग भार पेशंटवरच का?

नेत्रसेविका: सगळ्यांना सांगू नका. दार लावून, फक्त डॉक्टरांना गोळ्यांची नावं दाखवा.

कासेगावकर: नावं दाखवली की आजार कळलाच ना! आधी दवाखान्यांनी नीट वागावं, मग आम्ही बोलू.

नेत्रसेविका: तोवर दाब थांबत नाही हो. माणदेशी, गोळ्या कोणत्या?

माणदेशी: आताच डबी पाहिली. अटाझानाविर आणि रिटोनाविर. थेंब बंद करू?

नेत्रसेविका: परस्पर नको. उद्याच दाब मोजून घ्या, थेंब कसे कमी करायचे ते तिथेच ठरवा. अ‍ॅलर्जीला ओलोपॅटाडिनसारखे बिनस्टेरॉइडचे थेंब आहेत, गार पाण्याच्या घड्या आहेत. डोळे चोळू मात्र नका.

माणदेशी: एआरटी केंद्रातल्या समुपदेशक बाईंना फोन केला. जिल्हा रुग्णालयात नेत्र विभागाला चिठ्ठी देतायत, उद्या सकाळी जातो. त्या दवाखान्यात मात्र पुन्हा पाऊल ठेवणार नाही.