खोली मोकळी आहे का? स्लॉटचं टेबल की वेळेची रेंज?

चौकट: पोस्टग्रेस डेटाबेसवर ४० बैठकखोल्यांचं बुकिंग आहे. माझं मत: १५ मिनिटांचे स्लॉट आधीच तयार ठेवावेत. खोलीमागे दिवसाला ९६, म्हणजे सगळ्या मिळून वर्षाला १४,०१,६०० रो (टेबलातल्या ओळी). डेटाबेसला हे किरकोळ आहे. खोली आणि स्लॉट मिळून युनिक की (तीच जोडी दुसऱ्यांदा न घेणारा नियम) लावली की एकच वेळ दोघांना जात नाही. रेंजची, म्हणजे बुकिंगची सुरुवात आणि शेवट एकाच रोत ठेवण्याची, हौस कशाला?

अर्धमोकळा: विरोध. उद्या १०:२० ची बैठक मागितली की स्लॉट ५ मिनिटांचे करा, रो तिप्पट. ३ तासांचं बुकिंग दुसऱ्या खोलीत हलवायचं तर १२ रो सोडा, १२ धरा. रेंजमध्ये एकच अपडेट. दोन बुकिंगं एकमेकांवर येतात का, हे दोन तुलनांत कळतं: जुन्याची सुरुवात < नव्याचा शेवट, आणि जुन्याचा शेवट > नव्याची सुरुवात. इथे <= लिहिलंत तर ११ ला संपणारी बैठक ११ च्या बैठकीला अडवते. आणि मोकळ्या खोल्या काढणाऱ्या एसक्यूएल क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) 'नॉट इन' नको, 'नॉट एक्झिस्ट्स' वापरा. ऑनलाइन बैठकीच्या रोमध्ये खोलीच्या जागी नल (मूल्यच नाही) असलं तर 'नॉट इन' एकही खोली दाखवत नाही.

चौकट: तुलना दोन, पण खोली + सुरुवात अशा बी-ट्री इंडेक्सला (क्रमाने लावलेल्या शोधसूचीला) त्यातली एकच नीट वापरता येते. 'सुरुवात < ११' म्हणजे त्या खोलीचा अख्खा इतिहास चाळणं.

जुनाजाणता: मग इंडेक्स खोली + शेवट असा ठेवा. शोध बहुतेक पुढच्या तारखांचाच असतो. 'शेवट > १०' म्हटलं की संपलेली बुकिंगं आपोआप बाहेर. इतकी साधी गोष्ट सोडून लोक थेट सर्व्हर मोठा करतात!

अर्धमोकळा: शोध वेगवान झाला तरी दुहेरी बुकिंग थांबत नाही. दोन ट्रान्झॅक्शन (डेटाबेसमधले व्यवहार) एकाच क्षणी 'मोकळी' वाचतात आणि दोन्ही इन्सर्ट करतात. त्यावर उपाय एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट, म्हणजे एकमेकांवर येणारी बुकिंगं डेटाबेसनेच नाकारणं: बीट्री-जिस्ट एक्स्टेन्शन, खोलीला =, रेंजला && (एकमेकांवर येणं), आणि 'रद्द नसलेली' ही अट. हा नियम मोडल्याची २३पी०१ एरर आली की 'खोली आत्ताच गेली' असं दाखवा. तोच इंडेक्स शोधालाही चालतो, फक्त क्वेरीतही 'रद्द नसलेली' लिहायला हवं. विसरलात तर प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) त्या इंडेक्सकडे बघतही नाही.

चौकट: खोल्यांपुरतं मान्य. पण एकसारखे १२ प्रोजेक्टर असतील तर? कन्स्ट्रेंटला मोजता येत नाही. स्लॉटमध्ये 'शिल्लक' कॉलम ठेवा, 'शिल्लक > ०' या अटीवर एकेक कमी करा. बदललेले रो मागितलेल्या स्लॉटपेक्षा कमी भरले तर रोलबॅक, म्हणजे सगळं पूर्ववत. त्याआधी स्लॉट वेळेच्या क्रमाने लॉक करा, नाहीतर दोन मागण्या उलट्या क्रमाने येऊन डेडलॉक होतो, म्हणजे दोघी एकमेकींची वाट बघत अडकतात.

अर्धमोकळा: प्रोजेक्टरला स्लॉट, कबूल. खोल्यांना नाही.

जुनाजाणता: रेंजवाल्यांसाठी आणखी एक. पोस्टग्रेसच्या आवृत्ती १४ पासून मल्टिरेंज (अनेक रेंजचा एकच संच) आहे: कामाच्या वेळेतून रेंज-ॲग फंक्शनने गोळा केलेली बुकिंगं वजा केली की मोकळ्या वेळा मिळतात. पण ज्या खोलीला बुकिंगच नाही तिथे रेंज-ॲग नल देतो, वजाबाकीही नल, आणि दिवसभर रिकामी असलेली खोलीच यादीतून गायब! कोअलेस लावून नलऐवजी रिकामी मल्टिरेंज द्या.